अंगभर नागीण

दहिवली, कर्जत
९ जानेवारी २०२४

प्रिय तसू,

तुझ्या पायाचं प्लास्टर अजून किती दिवस? डी.एड.च्या वसतिगृहात जिन्याच्या कठड्यावरून घसरत खाली यायचीस तेव्हा साधं खरचटलं नाही, आणि आता स्वतःच्या दारातल्या पायरीवर घोटा मोडून बसलीस. तुझ्या चौक गावापासून कर्जतचं अंतर ते किती, पण तू येऊ शकत नाहीस आणि मीही नाही. माझं कारण ऐक. मला नागीण झालीय.

नाताळच्या सुट्टीत डाव्या कमरेला भाताची तुसं टोचावीत तसं टोचू लागलं. वाटलं, साडीचा काठ लागला असेल. दोन दिवसांनी पुरळ आलं, मग पाणी भरलेले फोड. कामाला येते ती बायजा बघून दोन पावलं मागे सरकली. म्हणाली, "बाई, नागीन हाय ही. तोंड नि शेपूट एकमेकांना भेटलं ना, तर मानूस नाय राहत. आमच्या पोशीरला एक म्हातारा हाय, गेरू लावून मंत्र घालतो. चला, मी नेते." मी तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवतेय. तिला समजावलं की लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू अंगात झोपून राहतो, तोच उठलाय. तिला पटलं नाही. आणि खरं सांगू? त्या दिवसापासून मीही रोज आरशाकडे पाठ करून बघते, तोंडात आणि शेपटीत किती अंतर उरलंय.

अंतर उरलंच नाही. पाचव्या दिवशी उजव्या बाजूलाही फोड आले, मग दंडावर, मानेवर, मांड्यांवर, कांजिण्यांसारखे. डॉक्टरांनी दिवसातून पाच वेळा घ्यायच्या गोळ्या दिल्यात. म्हणाले, एवढी पसरलेली नागीण मी फार पाहिली नाही, ताण घेता का? मी म्हटलं, मे महिन्यात आमचे हे जाऊन तीन वर्षं होतील, मुलगी ऋजुता नोकरीला पुण्यात, घरात एकटी. ताण कोण देणार मला?

वजन उतरलंय, ब्लाउज सैल होतात. तोंडात पांढरं येतं, तिखट सोसवत नाही. वय होतंय झालं.

हे फोनवर सांगत नाही. तुझा फोन झिनत उचलते, मग तिच्याकडून सगळ्या गल्लीला माझ्या फोडांची खबर. पत्रच बरं आपलं. इद्रिसभाईंना नमस्कार.

तुझी
सुनीती


चौक
१३ जानेवारी

प्रिय सुनू,

सलाम. तुझं पत्र आत्ता चार वाजता आलं आणि लगेच लिहायला बसले. प्लास्टर अजून पाच आठवडे. झिनत सून असूनही आईसारखी ओरडते, "अम्मी, उठू नका." मी उठते. घरात काठीचा आवाज आला की सगळे कामाला लागतात, शाळेत माझ्या चपलांचा आवाज आला की लागायचे तसे.

नागीण मी जवळून पाहिलीय. आमच्या घरात माझ्या सासूला झाली होती, दोन महिने अंगाला पदर सोसवत नव्हता. नारळपाणी पी. शाळेत मुळीच जाऊ नकोस. यांना पत्र वाचून दाखवते, यांना औषधातलं कळतं, तीस वर्षं लॅबमध्ये

१५ जानेवारी

परवा इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. आज पुढे लिहिते.

सुनू, तू रक्त तपासून घे. नुसती साखर नको, सगळं. डॉक्टरांना स्पष्ट सांग की ज्या ज्या तपासण्या असतात त्या सगळ्या करा. कर्जतला नको असेल तर हे घरी येऊन रक्त घेतील. पैशाचा विचार करू नकोस. लवकर कर. बाकी काय लिहू? काळजी घे.

तुझी
तसू


दहिवली
२ फेब्रुवारी

प्रिय तसू,

मेले नाही. तोंड आणि शेपूट भेटले, गळ्यात गळा घालून बसले, आणि आता खपल्या धरून निघून चाललेत. बायजाला म्हटलं, बघ, राहिला ना मानूस? ती म्हणाली, "तुमी शिकलेल्या हाय, तुमाला सोडलं तिनं."

तुझं पत्र वाचून हसले आणि थोडं रडलेही. मला कळलं तू का घाबरलीस. तुझ्या मोठ्या बहिणीचा रक्ताचा कर्करोग असाच काहीतरी किरकोळ होऊन कळला होता ना? वेडे, माझी साखर नॉर्मल आहे. हिमोग्लोबिन कमी, ते कोणत्या बाईचं नसतं? दहावीची परीक्षा महिन्यावर आलीय. माझ्या पोरांचे अजून दोन धडे राहिलेत. मे महिन्यात सगळ्या तपासण्या करते, शब्द देते.

एक गोष्ट मात्र तुलाच लिहिता येईल. पाठीवर मलम लावायला माझा हात पोचत नव्हता, तर बायजा लावायची. पहिल्या दिवशी तिचा हात लागला आणि मला रडूच फुटलं. तिला वाटलं, दुखलं. दुखलं नव्हतं ग. माणसाचा हात पाठीला लागून किती दिवस झाले ते आठवलं. हे असतानाचे शेवटचे तीन महिनेही तसेच गेले. तुला कधी बोलले नाही. एकवीसच्या फेब्रुवारीत, तेव्हा राहायचो त्या भिवपुरीच्या क्वार्टरमध्ये, यांनी आपली खाट उचलून बाहेरच्या खोलीत टाकली. म्हणाले, "तू शाळेत जातेस, बाजारात जातेस, कोरोना आहे, वेगळं झोपलेलं बरं." सगळं जग तेव्हा लांब लांब राहत होतं, म्हणून मीही काही बोलले नाही. पण हे ताटही वेगळं घ्यायला लागले. दाढीचं सामान कडीकुलपात ठेवायला लागले. मी जवळ बसले तर उठून जायचे. मला वाटायचं, यांना माझा कंटाळा आला. सव्वीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला आपला वीट आला, ही समजूत घेऊन मी विधवा झाले, तसू.

नागिणीने हे सगळं वर काढलं. जाऊ दे. प्लास्टर निघालं की ये.

सुनीती


चौक
११ फेब्रुवारी

सुनू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. या खेपेस यांना वाचून दाखवलं नाही.

मुकुंदरावांना तुझा वीट आला नव्हता. एवढंच मला लिहिता येतंय.

मे महिन्यापर्यंत थांबू नकोस. शरीराची ताकद आतून खचलेली असते तेव्हा नागीण अशी अंगभर फिरते, असं हे म्हणतात. ती का खचली ते शोधायला हवं. सरकारी दवाखान्यात जा, तिथे सगळं फुकट होतं, आणि वर्षानुवर्षं जगता येतं अशी औषधंही मिळतात. तुला हे वाचून राग येईल की ही काय कोड्यात बोलते. येऊ दे. पण जा.

मी यांना म्हटलं होतं, मला रिक्षाने कर्जतला न्या, पायाचं बघू. हे म्हणाले, प्लास्टर निघू दे.

तसू


नवी मुंबई
२४ मार्च

तस्लीम मावशीस,

मी ऋजुता. आई सांगते आहे आणि मी लिहिते आहे, कारण आईच्या डोळ्यांवर पट्टी आहे. ती म्हणाली, फोन करू नकोस, पत्रच लिही.

सात तारखेला परीक्षेच्या वर्गात आईचं कपाळ डाव्या बाजूने पेटल्यासारखं झालं. तीन तास तिने तसंच सुपरव्हिजन केलं. दुसऱ्या दिवशी पापणीवर आणि नाकाच्या शेंड्यावर फोड आले. पुन्हा नागीण. तिने मला कळवलं नाही. बायजाबाईंनी शेजाऱ्यांच्या फोनवरून कळवलं, "ताई, बाईंचा डोला गेला बघा, तुमी या." मी आले तोवर चौथा दिवस होता. इथल्या मोठ्या रुग्णालयात आणलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि बाहेर येऊन मला विचारलं, "दोन महिन्यांत दुसऱ्यांदा? आणि पहिली अंगभर होती? मग तेव्हाच यांची एचआयव्हीची तपासणी कोणी केली नाही?"

मावशी, आईला एचआयव्ही आहे. अंगातल्या ज्या पेशी रोगाशी लढतात त्या पाचशेच्या वर असायला हव्यात, आईच्या चौऱ्याऐंशी आहेत. डॉक्टर म्हणतात, सहासात वर्षांपासून असणार. माझीही तपासणी केली. मला नाही.

डाव्या डोळ्याने यापुढे उजेड-अंधार एवढंच कळेल. पहिल्या नागिणीच्या वेळी निदान झालं असतं, औषधं लगेच सुरू झाली असती, तर कदाचित हा डोळा वाचला असता, असं ते म्हणाले. कदाचित म्हणाले. मी तो शब्द मुद्दाम लिहिते आहे.

आता आईचे शब्द, ती सांगते तसे:

"तसू, पट्टीखाली पडल्या पडल्या मी तुझी दोन्ही पत्रं आठवली. एका पत्रात तुझं अक्षर मधेच बदललं होतं. 'वर्षानुवर्षं जगता येतं अशी औषधं' असं तू लिहिलं होतंस. कोणत्या रोगाची? आणि ह्यांना माझा वीट आला नव्हता हे तुला कुठून कळलं? तुला माहीत होतं का? एवढंच लिही. हो किंवा नाही."

मावशी, हे माझं. माझ्याशी खोटं बोललात तरी चालेल. आईशी नको.

ऋजुता


चौक
२९ मार्च

सुनू,

हो.

आता सगळं लिहिते. ऋजुतालाही वाचू दे.

१३ जानेवारीला मी तुझं पत्र यांना मोठ्याने वाचून दाखवत होते. 'दंडावर, मानेवर, कांजिण्यांसारखे' इथपर्यंत आले आणि यांनी कप खाली ठेवला.

"परत वाच," म्हणाले.

मी परत वाचलं.

"वजन उतरलंय असं लिहिलंय?"

"हो."

"तोंडात पांढरं?"

"हो. अहो, पण झालं काय?"

हे उठून मागच्या अंगणात गेले ते दिवस मावळून मगरिबची अजान होईपर्यंत आत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी हट्टाला पेटले तेव्हा बोलले.

एकवीस साली फेब्रुवारीत मुकुंदराव खोपोलीला यांच्या लॅबमध्ये आले होते. कर्जतमध्ये ओळखीचं कोणी भेटेल म्हणून मुद्दाम लांब आले, आणि काउंटरपलीकडे हे उभे; यांनी लॅब बदललेली त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना महिनाभर ताप येत होता. रिपोर्ट यांनीच हातात दिला. म्हणाले, "भाऊ, सुनीतीताईंना घेऊन या, त्यांचंही बघायला हवं. औषध फुकट आहे, माणसं वीस वीस वर्षं जगतात." मुकुंदरावांनी यांचे दोन्ही हात धरले. "मी सांगतो तिला. आठ दिवस दे मला. तू बोललास तर मी घरी परत जाणार नाही." यांनी शब्द दिला. आठवड्याने फोन केला तर म्हणाले, सांगतो, सांगतो. पुढे फोन उचलेनासे झाले. मग मे महिन्यात ते न्यूमोनियाने गेले. तुम्हा सगळ्यांना तो न्यूमोनिया कोरोनाचा वाटला, तपासणी दोनदा निगेटिव्ह येऊनही. यांना तेव्हाच कळलं होतं.

मेलेल्या माणसाचं झाकलेलं कसं उघडायचं, असं यांना वाटलं. आणि लॅबमधल्या माणसाने कोणाचा रिपोर्ट बाहेर बोलायचा नाही, असा कायदाच आहे. त्या कायद्यामागे जाऊन हे बसले. नंतर लग्नाकार्यात तू दिसायचीस, हसतखेळत. मग यांनी स्वतःची समजूत घातली की सुनीतीताईंना नसेलच.

यांची तीन वर्षं. माझे अडीच महिने. मी शिक्षिका आहे, सुनू, तो शब्द मला लिहिता येत नव्हता असं नाही. दर वेळी कागदावर पेन टेकायची आणि थांबायची. पहिल्यांदा मनात आलं की तू यांच्यावर तक्रार करशील, या वयात यांची नोकरी जाईल. मग आलं की तुझ्या मनातला मुकुंद मी कसा मोडू. आधी कोणतं आलं ते तुला कळायला हवं. नवरा आधी आला, तू नंतर.

तू ती खाटेची गोष्ट लिहिलीस तेव्हा मला सगळा उलगडा झाला. तरीही मी एका ओळीवर थांबले. त्याच दिवशी रिक्षा करून आले असते तर. प्लास्टर असलं म्हणून काय झालं, मी रांगत आले असते तर.

रोजे चालू आहेत. हे तोंडात घास घालत नाहीत धड, सूर्य मावळला तरी. हे तुला कळावं म्हणून लिहिते, तुला दया यावी म्हणून नाही. हे तुझ्याकडे यायचं म्हणतात. मी सांगितलंय, ती बोलावील तेव्हाच.

तस्लीम


चौक
२० जून

सुनू,

तुझं उत्तर नाही. मी मागतही नाही.

एप्रिलमध्ये ईद झाल्यावर दहिवलीला आले होते. बायजाने दार उघडलं. म्हणाली, "बाई झोपल्यात." आतल्या खोलीत तुझ्या पलंगाचा आवाज आला, तू कूस बदललीस. मी उंबऱ्याबाहेर थोडी उभी राहिले. बायजा म्हणाली, "पानी देऊ?" मी नको म्हटलं आणि रिक्षात बसले.

मे महिन्यात पुन्हा आले. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उतरले आणि तिथूनच परत फिरले. सोमवारी बकरी ईद झाली. मैत्रीच्या पहिल्या वर्षापासून तुझ्यासाठी वेगळा शिरखुर्मा ठेवते, रमजानच्या ईदेला. यंदा केलाच नव्हता. झिनत विचारत होती, सुनीतीखाला का आल्या नाहीत. मी म्हटलं, आजारी आहे.

यांनी लॅबची नोकरी सोडली. कोणी काढलं नाही. स्वतः सोडली.

औषध चुकवू नकोस.

तस्लीम


दहिवली, कर्जत
३१ ऑगस्ट २०२४

तसू,

अक्षर वाकडं येतंय. एका डोळ्याने ओळ वर चढते, कागद तिरका धरून लिहितेय.

औषध चुकवत नाही. रोज रात्री जेवणानंतर एक गोळी, एवढंच. पहिले पंधरा दिवस चक्कर यायची, आता सवय झाली. त्या पेशी चौऱ्याऐंशीवरून एकशे नव्वद झाल्यात. डॉक्टर खूश आहेत. कपाळ अजून जळतं, वाऱ्याची झुळूक लागली तरी ओरडावंसं वाटतं. ते वर्षानुवर्षं राहील म्हणतात. शाळेत डोळ्याचं ऑपरेशन सांगितलंय. मुलं फळ्यावर माझी ओळ वर जाते तेव्हा हसतात आणि मग गप्प होतात. ते गप्प होणं मला सोसत नाही.

बायजाला सांगितलं. माझ्या जखमा धुतल्या तिने, तिला न सांगून कसं चालेल? तिला म्हटलं, उद्यापासून आली नाहीस तरी मी रागावणार नाही. ती म्हणाली, "त्या दवाखान्यात आमच्या वाडीतली दोघं जातात, बाई. धडधाकट हायत. मंग, आज भाकरी टाकू का भात?" पाच महिन्यांत तेव्हा पहिल्यांदा मला कडकडून भूक लागली.

ऋजुताने ह्यांचा फोटो भिंतीवरून काढला. मी तो परत लावला नाही, तिला टाकूही दिला नाही. कपाटात साड्यांखाली आहे. मला यांना विचारायचंय की कुठून आलं, कधी, कोण होती, की कोणी नव्हतीच आणि एखाद्या सुईने आलं. इद्रिसभाईंनी विचारलं नसेल, मला माहीत आहे. आता विचारायला माणूस नाही. त्या खाटेचं काय करू, तेही कळत नाही. तीन वर्षं मी समजत होते की त्या माणसाला मी नकोशी झाले. तो मला जपत होता. आणि जपत असताना तोंडातून एक वाक्य काढत नव्हता. त्याला विचारावंसं वाटतं, ताट वेगळं घेतलंस, दाढीचं सामान कुलपात ठेवलंस, एवढी सगळी खटपट केलीस, मग "सुनीती, तूही तपासून घे" हे चार शब्द का जड झाले? एखाद्या दिवशी त्याची इतकी दया येते की मी साड्या बाजूला करते. आणि एखाद्या दिवशी कपाटाकडे बघवत नाही.

इद्रिसभाईंना सांग, मी तक्रार करणार नाही. मी त्यांना माफ केलंय असं मात्र सांगू नकोस, कारण केलेलं नाही. नोकरी सोडून त्यांनी काय मिळवलं? तिथे बसून पुढच्या माणसाला नीट समजवायला हवं होतं. तो नवरा असेल तर दुसऱ्या दिवशी बायकोला सोबत आणल्याशिवाय त्याची पाठ सोडायची नाही, असं.

तू आली होतीस तेव्हा मी जागी होते. तू उंबऱ्यापाशी उभी होतीस तेवढा वेळ मी श्वास धरून पडले होते. तू आत आली असतीस तर मी तुला हाकललं असतं. तू आली नाहीस म्हणूनही रडले.

"नवरा आधी आला, तू नंतर." हे वाक्य मी खूप वेळा वाचलं. सगळ्यात जास्त ते लागलं. पण गेल्या आठ महिन्यांत मला जे जे लोक काही बोलले, डॉक्टर, नातेवाईक, माझी स्वतःची मुलगी, त्यात पूर्ण खरं बोललेलं तेवढं एकच वाक्य आहे. मी तुझ्या जागी असते तर?

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. कधी जाईल सांगता येत नाही. तो कोणाला तरी सांगावा म्हणून आज कागद घेतला, तर वर तुझंच नाव लिहिलं गेलं. दुसरं कोणतं लिहू?

दर महिन्याला सरकारी दवाखान्यातल्या केंद्रावर गोळ्या आणायला जाते. बाकांवर सगळ्या तऱ्हेची माणसं असतात. हातावरची मेंदी न उतरलेली एक मुलगी असते, नवऱ्याकडे न बघता बसते. जवळजवळ प्रत्येकासोबत कोणीतरी असतं. तिथल्या कार्डावर सोबत येणाऱ्याचं नाव आणि फोन लिहायची एक ओळ आहे. ऋजुताला दर वेळी रजा मिळत नाही, म्हणून मी ती कोरी सोडत होते. गेल्या खेपेस तिथल्या ताई म्हणाल्या, "मावशी, रिकामी ठेवू नका, कोणीतरी असेलच ना तुमचं."

मी तुझं नाव लिहिलं. रागातच लिहिलं, पेनाचं टोक कागदात रुतलं. १० सप्टेंबरला, मंगळवारी, सकाळी दहा वाजता जायचंय. एकटी ये.

सुनीती